बोटीचा धंदा फायद्यात, आईची मासळीची पाटी तोट्यात. तुमच्याकडे पण असंच आहे का?

खाडीकाठचा
आमची डोलीची, म्हणजे पाण्यात रोवून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्याची, छोटी बोट आहे वसईकडे. बाबा नि काका समुद्रात जातात, मासळी उतरली की पुढचं सगळं आई-काकूवर, म्हणजे निवडणं, बर्फ, टेम्पो, बाजारात बसणं. बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, बर्फाशिवाय उन्हात काही तासांत लुळा पडतो. पण बोटीवर बर्फ न्यायचा नाही, का तर डिझेलच परवडत नाही. मग दुपारनंतर आई अर्ध्या भावात काढते, उरलेलं खताला. कुणी काही उपाय केलाय का?

नाखवा७
बर्फ न नेणं म्हणजे कंजुषीच असं नसतं रे. छोट्या होडीत पेटी ठेवली तर जाळं कुठे ठेवू? आणि डोल भरती-ओहोटीवर चालते, जाळं कधी ओढायचं ते पाणी ठरवतं, बाजार नाही. हिशोबाचं मात्र खरंय, आमच्याकडे बायको बोटीवरून ठरल्या भावाने माल उचलते, उचलला की सडला तरी तो तिचाच.

पाटीवाली
नाखवा, तुम्ही बर्फाचं बोलता, बाजारात आम्हाला धड नळ नाही, शेड नाही, संडास नाही, म्हणून बायका बाजारातून लवकर उठून जातात नि राहिलेला माल येईल त्या भावात देतात, हे पण नुकसानच ना? सुकवावं म्हटलं तर वलांडीची, म्हणजे मासे वाळत घालायच्या काठ्यांची, जागा गेली. शिवाय पावसाचा भरवसा नाही, 2019 ला क्यार चक्रीवादळाच्या वेळी ऑक्टोबर संपत आला तरी कोसळत होता, सुकत घातलेल्याचं काय होतं सांगायला नको. त्यानंतर 2020 मध्ये सरकारने पॅकेज दिलं त्यात मासे विकणाऱ्या बायांना बर्फपेट्यांसाठी पैसे होते, ते बरं केलं. एरवी डिझेल परतावा बोटीला, नि बोट कुणाच्या नावावर ते माहितीच आहे.

मत्स्यविद्यार्थी
एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न-शेती संघटना) आकड्यांनुसार लहान मासेमारीत दहातले साधारण चार जण बायका आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणी मासळी उतरल्यानंतरच्या कामात. म्हणजे माल खराब होतो तेव्हा तो बहुतेक त्यांच्या हातात असतो, पण खराब व्हायला सुरुवात आधीच होडीवर झालेली असते. आपल्याकडच्या गरमीत मासळी तितका बर्फ लागतो, वजनाला वजन. फेकलेलं दिसतं तरी, भाव पडतो त्याचा तोटा कुणी लिहीतच नाही, आणि माझ्या मते तोच मोठा. कोचीच्या सीआयएफटी या सरकारी मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने सौर ड्रायर बनवलेत, पावसाळी हवेत चालतात, पण एकटीला महाग पडेल, गटाने घ्या. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मासळीवाल्यांनाही मिळतं, बायकांच्या गटांनाही.

खाडीकाठचा
आईचा गट आहे, कार्डाचं विचारतो. बर्फाचं बिल डिझेलसारखं बोटीच्या खर्चात धरायचं असं बाबांना सांगितलं तर भांडण होणार हे नक्की, नाखवा तुम्ही धरता का?

नाखवा७
अर्धं धरतो. बायकोने दोन दिवस माल उचललाच नाही, तेव्हापासून.