‘उडती तबकडी’, ‘गूढ प्रकाश’ की ‘ओळख न पटलेली वस्तू’?

प्रश्न (अमळनेर) : आकाशात दिसलेल्या अनाकलनीय दिव्यांचा लष्कराने केलेला तपास या विषयावर शाळेच्या विज्ञान मंडळासाठी मी टिपण लिहीत आहे आणि शीर्षकातच अडलो आहे. ‘यूएफओ’साठी (अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट, म्हणजे ओळख न पटलेली उडती वस्तू) ‘उडती तबकडी’, ‘अज्ञात वस्तू’ आणि ‘गूढ प्रकाश’ हे तिन्ही शब्दप्रयोग एकाच बातमीत एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. अधिकृत तपासाबद्दल लिहिताना यांतील कोणता नेमका ठरेल? शिवाय ‘तपास’ म्हणावे की ‘चौकशी’? नानांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर (जळगाव) : सर, ‘तबकडी’पासून सुरुवात करू. जून १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची गती होती, असे त्याने सांगितले. वर्तमानपत्रांनी मात्र ती बशी आकाराला चिकटवली. मराठीने बशीऐवजी तबकडी घेतली, जी तोवर आपल्याकडे ग्रामोफोनवर फिरत होती. शब्द सुरेख आहे, पण तो आकार आधीच ठरवून टाकतो. हीच अडचण अशा वृत्तान्तांचा तपास करणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या प्रकल्पाचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांना जाणवली आणि त्यांनी ‘यूएफओ’ ही संज्ञा रूढ केली.

‘गूढ’ हा शब्द तर तपासाआधीच निकाल देऊन मोकळा होतो. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आमच्या गच्चीवरून पेटते तुकडे एका ओळीत सावकाश सरकताना दिसले. शेजारच्या आजी ओरडल्या, “आभायमा काय जयी ऱ्हायनं?” (आकाशात काय जळते आहे?) कोणी तारा तुटला म्हणाले, कोणी विमान पेटले म्हणाले. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले, आणि हे सारे चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचे अभ्यासकांनी सांगितले. आजींनी फक्त प्रश्न विचारला होता, नाव दिले नव्हते. मला त्यांचे ते वाक्य सर्वांत शास्त्रीय वाटते.

‘अज्ञात’ आपल्याला ‘अज्ञात वाहनाची धडक’ यातून परिचित आहे. तिथे वाहन होते हे ठाऊक असते, फक्त कोणाचे ते कळलेले नसते. आकाशातील प्रकाशाबाबत वस्तू होती की नाही हेच ठरायचे असते. म्हणून पंचनाम्यातील ‘ओळख पटलेली नाही’ हा प्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण ओळख पटवण्याचा प्रयत्न झाला, हे तो सांगतो. ब्लू बुकच्या दफ्तरातील १९४७ ते १९६९ या काळातील १२,६१८ नोंदींपैकी ७०१ प्रकरणांत ओळख पटली नाही. ती ७०१ परग्रहावरची ठरली, असा त्याचा अर्थ नव्हे.

आता ‘चौकशी’. चौकशी माणसाची लागते आणि तिच्यात ठपक्याची छाया असते, तर तपास गोष्टीचा होतो. ब्लू बुकमध्ये बहुतेक काम आलेले वृत्तान्त चाळण्याचे असल्याने तिथे ‘छाननी’ही शोभते. लडाखच्या सीमेवरील जवानांनी २०१२-१३ मध्ये काही महिन्यांत आकाशातील अनोळखी प्रकाशांच्या ३२९ नोंदी केल्या. ते ड्रोन असावेत अशी शंका होती, परंतु बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते गुरू आणि शुक्र असल्याचे ओळखले. याला मी ‘पडताळणी’ म्हणेन. पहारा करणाऱ्या जवानांनी पाहिले ते नोंदवले, त्यात त्यांचे काही चुकले नाही, आणि ‘चौकशी’ लिहिले की वाचणारा नेमका त्यांच्याकडेच संशयाने पाहू लागतो.

प्रश्नकर्ता (अमळनेर) : मनःपूर्वक आभार, नाना. मग शीर्षक असे करतो : ‘ओळख न पटलेले आकाशातील दिवे : लष्करी तपासाची हकिकत’.

उत्तर (जळगाव) : ‘दिवे’ तेवढे बदलावे, सर. दिवा म्हटला की तो कोणीतरी लावलेला असतो, आणि शुक्राला कोणी लावलेले नाही. ‘प्रकाश’ लिहावे.