मदत हवी आहे: ‘ये दिल मांगे मोर’मधलं ‘मांगे’ मराठीत कसं आणायचं?

नमस्कार मंडळी,

भाचीला शाळेत ‘जाहिरातींची भाषा’ असा प्रकल्प दिलाय. मामा म्हणून मी हो म्हणून बसलो आणि आता आम्ही दोघंही एकाच ओळीवर अडकलोय.

पेप्सीची ही ओळ १९९८ची, अनुजा चौहान यांची. इंग्रजी ‘आस्क फॉर मोर’चा हिंदी अवतार. (लहानपणी मला तो मोर पिसाऱ्याचाच वाटायचा.) ‘स्लोगन’ हा शब्दही गमतीदार निघाला. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘सैन्य’ आणि ‘आरोळी’ या दोन शब्दांची ती जोडी. म्हणजे खरं स्लोगन आपलं ‘हर हर महादेव’! आणि १९९९ साली कारगिलमध्ये शिखर ५१४० जिंकल्यावर कॅप्टन विक्रम बत्रांनी यशाचा संकेत म्हणून हीच ओळ वापरली. शीतपेयाची ओळ थेट रणघोष झाली.

तर अडचण अशी. भाचीनं शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं: ‘हे मन मागे अजून’. मी विचारलं, मन अजून मागेच राहिलंय का गं? हसून झालं, पण मग डोक्यात किडा वळवळायला लागला. रोजच्या हिंदीत ‘दिल मांगता है’ म्हणतात. ‘मांगे’ हे जुन्या वर्तमानकाळाचं रूप, संस्कृत ‘मार्गयति’, प्राकृत ‘मग्गइ’ या वाटेनं आलेलं. आपलं ‘मागे’ही तिथलंच. ज्ञानेश्वरीत ‘दिसे’, ‘बोले’ हा सरळ वर्तमानकाळ आहे. आज मात्र ‘आजी पहाटे उठे, जात्यावर बसे’ म्हटलं की तो रीतिभूतकाळ होतो. म्हणजे ‘मन मागे’ याचा अर्थ पूर्वी मागायचं, आता नाही! पेप्सीवाल्यांची पंचाईतच.

पण ‘थेंबे थेंबे तळे साचे’मध्ये तळं आजही साचतंच. ‘बोले तैसा चाले’ही तसंच. म्हणी आणि अभंगांत जुना अर्थ टिकला, मग जाहिरातीत का टिकू नये?

जाणकारांकडून दोन गोष्टी हव्यात. एक, मुळात मराठीतच सुचलेली अशी जाहिरातीची ओळ, जिच्यात ‘साचे’सारखं क्रियापद वर्तमानाच्या अर्थानं आलंय. टूथपेस्ट, चहा, पतपेढी, काहीही चालेल; फक्त उसनी घेतलेली म्हण नको. दुसरं, ‘मांगे’ला मराठीत काय म्हणाल? ‘मन मागतंय अजून’ मीटरमध्ये बसतं, पण त्यात ती ऐट नाही.

प्रकल्प सोमवारी द्यायचाय. भाची रोज संध्याकाळी विचारते, काही उत्तर आलं का मामा?