टँकर बंद झाला म्हणजे योजना यशस्वी का?

माणदेशी (मूळ पोस्ट): माण-खटावातल्या गावांनी सीसीटी (डोंगरउतारावरचे सलग समतल चर) खणले, ओढे खोल केले. मे महिन्यातही विहिरींना पाणी राहिलं, टँकर बंद झाला. डोळ्यांना दिसतंय, तरी मूल्यमापनावर पैसे कशाला घालवायचे? त्यात दोन सिमेंट बंधारे होतील.

आटपाडीकर: हे वाचून गप्प बसवेना. तुमची कामाआधीची पाणीपातळीची नोंद मे २०१६ ची, म्हणजे २०१५ च्या दुष्काळानंतरची. नंतरची मे २०१७ ची. मधला पावसाळा बरा गेला तर काम न झालेल्या गावातही पाणी वर येणारच. म्हणून तसाच खडक, तेवढाच पाऊस पण काम नाही, असं गाव शेजारी धरावं लागतं. समजा, तुमचं पाणी १२ मीटर खोलीवरून ८ वर आलं आणि त्या गावाचं १३ वरून साडेदहावर. तुमच्या ४ मीटरांतले अडीच पावसाचे, दीडच कामाचा. राज्याच्या जलयुक्त शिवार या जलसंधारण योजनेवर ९,६०० कोटींच्या वर खर्च झाला आणि भूजल वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं कॅगने (सरकारी खर्च तपासणारे महालेखापरीक्षक) २०२० मध्ये मांडलं.

माणदेशी: कॅगचं आम्हाला सांगू नका. २०१८ ला पावसानं दगा दिला, राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. पाऊसच नाही तर चरात काय अडणार? आणि तुमचं ते शेजारचं गाव आणायचं कुठून? वरच्या गावानं ओढा अडवला की खालच्याचं पाणी तुटतं, नाहीतर पाझरून वाढतं. त्यात टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी तलावात सोडलेलं असतं. तसल्या गावाशी आमच्या श्रमदानाची तुलना करणार?

आटपाडीकर: ओढ्याचं बरोबर आहे. गाव दुसऱ्या पाणलोटातलं आणि टेंभू-म्हैसाळच्या लाभक्षेत्राबाहेरचं घ्यायचं. ते आधी जमवता आलं असतं. जलयुक्तमध्ये दरवर्षी ५,००० गावं घ्यायची होती, सगळी एकदम होणारच नव्हती. पात्र गावांच्या चिठ्ठ्या काढल्या असत्या तर मागे राहिलेली गावं आपोआप तुलनेला मिळाली असती. मेक्सिकोत १९९७ ला सुरू झालेल्या प्रोग्रेसा या गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या योजनेत तेच केलं. ५०६ गावांपैकी ३२० ना आधी लाभ, १८६ ना नंतर.

माणदेशी: म्हणजे चिठ्ठीत नाव निघालं नाही म्हणून बाईनं आणखी दोन उन्हाळे हंडा वाहायचा? लाज वाटू द्या!

आटपाडीकर: आवाज चढवू नका. आत्ता यादीत मागं पडलेल्या गावातल्या बायका काय करतात? हंडाच वाहतात.

जतकर: दोघेही मीटर-मीटर करताय, पण ते मोजले कसे? मोटर चालू असताना टेप सोडली तर पातळी पाच-सात फूट खोल दिसते, आणि काळ्या कातळात विहीर भरायला वेळ लागतो. उपसा बंद करून बारा तास थांबा. रात्रीच्या विजेचा आठवडा असेल तर पहाटेची नोंद घेऊच नका, रातभर मोटर चाललेली असते. कठड्यापासून मोजून कठड्याची उंची वजा करा. विहिरी त्याच ठेवा: एक माथ्याची, एक मधली, एक ओढ्याकाठची. ओढ्याकाठच्याच मोजल्या की गाव कागदावर पाणीदार होतं.

आणि एक मीटर म्हणजे पाणी किती? या काळ्या कातळातून, म्हणजे बेसॉल्टमधून, उपसता येणारं पाणी आकारमानाच्या एक ते तीन टक्के. दोन धरा. १०० हेक्टरवर पातळी मीटरभर चढली तर २० टीसीएम (हजार घनमीटर), म्हणजे २ कोटी लिटर. पाटपाण्यावर एक हेक्टर ऊस वर्षाला जवळपास तेवढंच पितो.

माणदेशी: आता ऊस काढलात! डाळिंब तेल्या रोगानं गेलं, द्राक्षाला औषधं परवडत नाहीत. शेतकऱ्यानं लावायचं काय?

जतकर: काय लावावं हे मी सांगत नाही. काम झाल्यावर अडीच एकर ऊस वाढला आणि नव्या बोअर पडल्या, तर मेमधली पातळी जिथल्या तिथंच दिसेल आणि काम वाया गेलं असा शेरा बसेल. पाणी मुरलं होतं, ते उपसलं गेलं. म्हणून पातळीबरोबर पीकक्षेत्र आणि बोअरची संख्या लिहा.

माणदेशी: चिठ्ठ्यांचं मला पटणार नाही. उपशाची नोंद आम्ही ठेवली नाही, एवढं कबूल. उसाचं क्षेत्र ई-पीक पाहणीतून (मोबाइलवरची सरकारी पीकनोंद) मिळेल?

जतकर: मिळेल, पण ती २०२१ पासूनची, आणि नोंद शेतकरी स्वतः करतो. ऊस तोडायच्या आधी एकदा बांधावरून फिरून पडताळा.