निकोबारचं उदाहरण जरा वेगळं आहे
वर कोणीतरी लिहिलंय की बेटांवर मिशनरी उतरले आणि भुताखेतांना मानणारी भोळी माणसं लगेच बाटली. हे मला अजिबात पटत नाही, कारण आपल्याच निकोबारमध्ये नेमकं उलटं झालं. तिथल्या नानकौरी बेटावर मोरेव्हियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनरी १७६८ मध्ये आले, तापाने एकामागून एक मेले आणि १७८७ ला जे उरले ते परत गेले, जवळपास वीस वर्षांत हाती काहीच लागलं नाही. लोक आपले घरात कारेआऊ म्हणजे लाकडी पुतळे उभे करून वाईट आत्म्यांना दूर ठेवत राहिले. खरा प्रसार झाला तो कार निकोबार या दुसऱ्या बेटावर, आणि तोही जॉन रिचर्डसन या तिथल्याच निकोबारी माणसामुळे, जो ब्रह्मदेशात शिकून परत आला, गावात शिक्षक झाला, बायबलमधला नवा करार निकोबारी भाषेत आणला, जपानी ताब्याच्या काळात तुरुंगात छळ सोसला, पुढे बिशप झाला आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत नियुक्त खासदारही (हे आपल्याकडे किती कमी लोकांना माहीत आहे!). महायुद्धानंतर गावंच्या गावं ख्रिस्ती झाली ती या माणसावरच्या विश्वासामुळे. आणि तरी पूर्वजांसाठी डुकरांची मोठी मेजवानी आजही होते, चर्चला जाणारेच लोक ती करतात.