'रेडिओ बंद ठेवा' म्हणजे नेमकं काय बंद ठेवायचं?

पाटीपेन्सिल
गोदामात बारकोड वाचायला जो हातात मावणारा संगणक असतो, त्याच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'बॅटरी वाचवण्यासाठी वापरात नसलेले रेडिओ बंद ठेवा' असं लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंचा समासात शेरा: 'यात रेडिओ कुठे आहे? गाणी लागत नाहीत.' यंत्रात वायफाय, ब्लूटूथ आणि सिमकार्डावरचं मोबाइल नेटवर्क आहे. तिघांना मिळून काय म्हणावं? 'बिनतारी जोडणी' सुचवलं होतं, ते इंजिनिअरांनी उडवून लावलं.

कोशवाळवी
'बिनतारी संच'! पोलिसांच्या गाडीत असतो तो. चांगला रुळलेला शब्द असताना रेडिओ कशाला?

लहरीबुवा
इंजिनिअरांचं बरोबर आहे. रेडिओ म्हणजे यंत्रातला लहरी पाठवणारा किंवा पकडणारा भाग. जोडणी तुटली म्हणजे तो बंद झाला असं नाही. आयफोनचंच बघा. 2017 च्या आयओएस 11 पासून नियंत्रण केंद्रातलं (बोटाने सरकवून उघडतो त्या झटपट बटणांच्या पडद्यावरचं) वायफायचं बटण दाबलं की चालू जोडणी सुटते, पण रेडिओ जागाच राहतो. खरंच बंद करायचा तर सेटिंग्जमध्ये जावं लागतं. आणि बॅटरीचं म्हणाल तर रेंज नसलेल्या जागी मोबाइलचा रेडिओ टॉवर शोधत बसतो, तेव्हा उलट जास्त खातो. 'जोडणी बंद ठेवा' लिहिलंत तर वाचणारा नेमकं नको ते करेल.

कोशवाळवी, 'संच' म्हणजे अख्खा डबा. इथे तिन्ही रेडिओ एकाच डब्यात आहेत. संच बंद करा म्हटलं तर माणूस यंत्रच बंद करेल.

कोशवाळवी
मग 'प्रक्षेपक-ग्राहक' म्हणा. पाठ्यपुस्तकी आहे, पण अचूक.

तिरपा_आकार
'वापरात नसलेले ग्राहक बंद ठेवा.' दुकानदार खूश होतील.

पाटीपेन्सिल
😀 पण जीपीएसचं काय? तोही याच यादीत आहे.

लहरीबुवा
जीपीएस फक्त ऐकतो, उपग्रहाशी बोलत नाही. तो नुसता ग्राहक. म्हणजे जोडशब्द तिथे चुकतो, 'रेडिओ' मात्र चालतो.

आजोळची_बोली
तुम्ही सगळे लोकांना विचारणार कधी? आमच्याकडे मोबाइल डेटाला 'नेट' म्हणतात, आणि 'ब्लूटूथ' म्हणजे कानात घालायची वस्तू. 'माझं ब्लूटूथ सापडत नाहीये' म्हणणाऱ्या माणसाला ब्लूटूथ बंद ठेवा सांगितलं तर तो ते डबीत ठेवून देईल. शिवाय आपण रेडिओ 'लावतो', वायफाय 'चालू करतो'. क्रियापदच सांगतं की बोलणाऱ्याच्या डोक्यात या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तिघांची नावं सुटी लिहा आणि मोकळ्या व्हा.

पाटीपेन्सिल
सुटी लिहिली असती हो, पण पडद्यावरच्या बटणाला एकच नाव द्यायचंय. बारा अक्षरांत बसायला हवं.

रदबदली
कुणाच्या लक्षात आलं का? 'रद' म्हणजे संस्कृतात दात. ब्लूटूथ म्हणजे निळा दात. म्हणजे रेडिओचं मूळही 'रद'च असणार!

कोशवाळवी
अहो, काहीही! लॅटिनमध्ये 'रेडियस' म्हणजे चाकाचा आरा, त्यावरून किरण, किरणावरून रेडिओ. दाताचा काय संबंध? ब्लूटूथ हे दहाव्या शतकातल्या हाराल्ड नावाच्या डॅनिश राजाचं टोपणनाव. त्याच्या आद्याक्षरांच्या दोन रून लिपीतल्या खुणा जोडून ते चिन्ह केलंय. ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

रदबदली
आरा तरी दातासारखाच दिसतो ना?

तिरपा_आकार
'नीलरद' मला आवडला. कोशवाळवींनी कोशात घ्यावा.

कोशवाळवी
घ्यायचाच तर 'नीलदंत' घेईन. 'रद' बोलीत उरलाय कुठे?

आजोळची_बोली
बोलीत 'प्रक्षेपक-ग्राहक' तरी कुठे आहे?

पाटीपेन्सिल
बटण? फाइल उद्या सकाळी द्यायचीय.

लहरीबुवा
'विमान मोड' लिहा. पण मग त्यांना सांगावं लागेल की त्या मोडमध्येही वायफाय आणि ब्लूटूथ पुन्हा चालू करता येतात.

कोशवाळवी
'विमान मोड' नको, 'उड्डाण स्थिती'. 'मोड' म्हणजे मटकीला येतात ते.

रदबदली
आणि नाणी? मोड पैशांचीही असते.

कोशवाळवी
ती मोड स्त्रीलिंगी. वेगळा धागा काढा.