पिसाचा मनोरा: अर्ध्या अंशावर हात का आखडता घेतला?

ओळंबा
पिसाचा मनोरा वाचवल्याचं कौतुक सगळीकडे होतं, पण मला एक गोष्ट पटत नाही. १९९० साली तो लोकांसाठी बंद केला तेव्हा कल होता साडेपाच अंश. वरचं टोक ओळंब्यापासून साधारण साडेचार मीटर बाहेर! पुढे १९९९ ते २००१ या काळात कलाच्या उलट बाजूने, म्हणजे उत्तरेकडून, पायाखाली तिरके ड्रिल घालून सुमारे ३८ घनमीटर माती थोडी थोडी करून उपसली. उत्तरेची जमीन हळूहळू बसली आणि टोक जवळजवळ ४५ सेंटिमीटर मागे आलं. उपाय लागू पडला ना? मग पाच अंशांवरच का थांबलात? आणखी माती काढा, दोन-तीन अंशांवर आणा. माझ्या मते कारण एकच, तिकीटबारी. १९८९ मध्ये इटलीतल्याच पाव्हिया शहरातला जुना मनोरा कोसळून चार माणसं गेली, म्हणून तर हा बंद केला होता. मग सुरक्षिततेत कंजुषी कशाला?

चुनखडी
सरळ करायचं म्हणजे नेमका कुठला भाग? मनोरा केळ्यासारखा वाकडा आहे. ११७३ ला काम सुरू झालं, काही वर्षांतच बंद पडलं. जवळपास शंभर वर्षांनी, १२७२ ला पुन्हा हात घातला, मग १२८४ ला मेलोरियाच्या लढाईत पिसाचं आरमार जेनोआ या प्रतिस्पर्धी शहराने बुडवलं आणि काम पुन्हा रखडलं. घंटाघर चढलं ते थेट चौदाव्या शतकात. मधल्या काळात कल वाढतच होता, आणि गवंडी वरचे थर रचताना तो सावरून घेत होते. घंटाघरात चढायच्या पायऱ्या मोजा: उत्तरेला ४, दक्षिणेला ६. खालचा भाग ओळंब्यात आणलात तर वरचा उत्तरेला झुकलेला दिसेल.

ओळंबा
मी शून्य अंश कुठे म्हटलं? दोन-तीन म्हटलं. नीट वाचत चला की राव.

मातीकाम
दोन-तीन म्हणणं सोपं आहे. या मनोऱ्याला 'अजून थोडं' करायला गेलेल्यांचा इतिहास बघा. १८३८ मध्ये गेरार्देस्का नावाच्या वास्तुविशारदाने खांबांचे गाडले गेलेले तळ दिसावेत म्हणून बुडाभोवती चर खणला. पाणी आत आलं, मनोरा आणखी कलला. १९३४ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीत पायाला शेकडो भोकं पाडून आत सिमेंट भरलं. पुन्हा दक्षिणेला सरकला.

आणि १९९५ चा प्रसंग तर मनोरा वाचवणाऱ्या खुद्द तज्ज्ञ समितीचाच. उत्तरेला शिशाच्या विटा रचून तात्पुरता तोल सांभाळला होता. त्या दिसायला वाईट, म्हणून त्यांच्या जागी जमिनीत खोल रोवलेल्या पोलादी दोरांनी तीच बाजू खाली ओढून धरायचं ठरलं. खणताना पाणी येऊ नये म्हणून द्रव नायट्रोजनने जमीन गोठवायला घेतली, आणि मनोरा दक्षिणेला निघाला. काम तिथेच थांबवून आणखी ३०० टन शिसं चढवावं लागलं.

साडेचौदा हजार टनांचा बोजा, पाया जेमतेम वीस मीटर रुंद, खाली मऊ चिकणमाती. कल जरा वाढला की उलथवणारा जोर वाढतो, तो जोर कल आणखी वाढवतो. त्या शंभर वर्षांच्या खंडात माती वजनाखाली दबून घट्ट झाली नसती, तर मनोरा बांधतानाच पडला असता. अशा ठिकाणी अर्धा अंश मिळाल्यावर पसारा आवरणारा माणूस मला शहाणा वाटतो.

आडवाटसरू
तिकिटाचा मुद्दा असा उडवून लावू नका. समितीत कला-इतिहासाची माणसं होती, कल ठेवायचा हे सुरुवातीपासून गृहीतच होतं. त्यात लाज कसली? कल गेला तर गल्लीतलं पोरही त्याच्याकडे बघणार नाही. फक्त त्याला 'अभियांत्रिकीचा निर्णय' म्हणून मिरवू नका, एवढंच.

चुनखडी
दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. दक्षिणेच्या दगडकामावरचा ताण हा खरा धोका होता. बाहेर संगमरवर, आत दगडचुन्याचा भराव. तो फुटला असता तर पाया टिकून उपयोग काय? अर्ध्या अंशाने तो ताण कमी झाला. आणि भूकंपाचं म्हणाल तर मनोरा ताठ, माती मऊ, त्यामुळे हादऱ्यांशी त्याचा ताल जुळत नाही, असं अभ्यासकांनी २०१८ मध्ये मांडलं. ज्या मातीने कलवला तिनेच वाचवला.

ओळंबा
वाचलंय ते. त्याच २०१८ मध्ये हेही जाहीर झालं, की काम संपल्यानंतर मनोरा आपण होऊन आणखी ४ सेंटिमीटर सरळ झालाय. तेव्हा कला-इतिहासवाल्यांपैकी कुणी ओरडल्याचं ऐकलंत का? मग ते ४ चालतात, तर आणखी ४० का चालत नाहीत?

मातीकाम
ते ४ सेंटिमीटर मिळायला सतरा वर्षं लागली. त्याच वेगाने तुमचे ४० घ्यायला तयार असाल तर माझी हरकत नाही.