रोज जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड, महिन्यातून एकदा पुणे: हायब्रिड घ्यावी का?

जुळेसोलापूरकर

नमस्कार. आमची पेट्रोल हॅचबॅक अकरा वर्षांची झाली, आता तिच्यात पैसे घालण्यात अर्थ नाही असं मेकॅनिकनेच सांगितलं. मार्चअखेर नवीन गाडी घ्यायची आहे आणि घरात दोन आठवडे हा एकच विषय चालू आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. जुळे सोलापूरहून सकाळी मुलीला शाळेत सोडायचं, सात रस्त्यावरून पुढे कारखाना, संध्याकाळी तोच रस्ता उलटा. दिवसाचे 22 किलोमीटर, आणि त्यातला निम्मा वेळ सिग्नलला किंवा कुणाच्या तरी मागे अडकून जातो. आठवड्यातून दोनदा सासऱ्यांना फिजिओथेरपीला नेते, त्यांची व्हीलचेअर सोबत असते. महिन्यातून एकदा पुण्याला मुलाकडे.

इलेक्ट्रिक घ्यायची माझी फार इच्छा होती. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खाली पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट घ्यायला सोसायटीने दोनदा नकार दिला. मग पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटार दोन्ही असलेली हायब्रिड बघायला गेले, तर एका शोरूममध्ये जी दाखवली ती किमतीने बरीच कमी होती. "ही पण हायब्रिडच आहे मॅडम" असं सांगितलं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ती नुसत्या बॅटरीवर एक फूटसुद्धा चालत नाही. त्या दिवसापासून कुणाच्या सांगण्यावर विश्वास बसत नाहीये. जो रोज चालवतो त्याच्याकडून ऐकायचं आहे. सोलापुरात, आपल्या उन्हात, आपल्या रस्त्यांवर फरक खरंच पडतो का?

विजापूररोड

तुम्हाला दाखवली ती माइल्ड हायब्रिड. तिच्यात स्टार्टर आणि जनरेटर एकत्र असतो, तो इंजिनाला थोडा टेकू देतो, सिग्नलला बंद झालेलं इंजिन परत चालू करतो, बस. मारुतीने 2015 पासून सियाझ, अर्टिगा अशा गाड्यांना 'स्मार्ट हायब्रिड' म्हणायला सुरुवात केली, तेव्हापासून हा घोळ आहे. तुम्हाला हवी ती 'स्ट्राँग हायब्रिड', म्हणजे थोडं अंतर नुसत्या बॅटरीवरही चालणारी. बुकिंगच्या कागदावर हा शब्द लिहून घ्या.

कराचंही बघून ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर 5 आणि दीड लिटरच्या स्ट्राँग हायब्रिडवर 40. लहान पेट्रोल गाडीशी तुलना केली तर किमतीतला काही फरक तिथूनच येतो.

वाइंडिंगवाला

ताई, मी रोज चालवतो. 2023 ची स्ट्राँग हायब्रिड आहे, दीड लिटर इंजिन, 41 हजार किलोमीटर झाले. धंदा मोटार रिवाइंडिंगचा, अशोक चौकाजवळ दुकान आहे. यंत्रमागाच्या जळालेल्या मोटारी गोळा करायच्या, नवी तार भरून परत पोचवायच्या, त्यामुळे माझी गाडी दिवसभर गावातच असते. टाकी भरली की लिटर आणि किलोमीटर वहीत लिहितो. खाली जे सांगतोय ते त्या वहीतलं.

आधी ती चालते कशी ते सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. चुंबकाच्या मोटारीला वीज दिली की ती फिरते, आणि तीच मोटार बाहेरून फिरवली की वीज देते. गाडी निघताना आणि हळू चालताना मोटार चाक फिरवते, इंजिन बंद. ब्रेकवर पाय ठेवला की चाक मोटारीला फिरवतं आणि वीज बॅटरीत जाते. साध्या गाडीत ती सगळी ताकद ब्रेक पॅड तापवण्यात वाया जाते. तुळजापूरहून परत येताना घाट उतरायला लागलो की स्क्रीनवर बॅटरीच्या कांड्या एकेक भरत जातात. खाली पोचेपर्यंत बॅटरी गच्च भरलेली असते, आणि पुढची थोडी वाट गाडी आवाज न करता जाते. पहिल्यांदा बायकोला वाटलं गाडी बंद पडली.

बॅटरी मात्र फार मोठी नसते. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन्हींत यंत्रणा एकच आहे, बॅटरी 0.76 किलोवॅट-तासाची. म्हणजे वीजबिलातल्या एका युनिटपेक्षाही कमी! म्हणूनच तिला प्लग लागत नाही. भरणं आणि रिकामं होणं दिवसातून शेकडो वेळा चालू असतं, आपल्याला काहीच करावं लागत नाही. मला गाडी आवडली ती याच कारणाने. मी काही शिकलो नाही, पंप बदलला नाही, कुणाकडे पॉइंट मागितला नाही. पहिली गाडी चालवायचो तशीच ही चालवतो.

आता पैसे. कागदावर 27.97 चं ॲव्हरेज आहे. माझ्या वहीत गावात 23 पडतं, पुणे रोडला 21. हो, गावात जास्त! साध्या गाडीच्या बरोबर उलट. सावळेश्वर टोल ओलांडून नव्वदच्या वेगाने एकसारखं गेलं की इंजिन चालूच राहतं, ब्रेक लागत नाही, मग वीज येणार कुठून. माझ्या भावाकडे तेवढ्याच आकाराची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक आहे, तिला गावात 13 आणि हायवेला 17 पडतं.

तुमचा हिशेब मांडून बघितला. महिन्याला गावात 570 किलोमीटर आणि पुण्याचे 500 धरले. गावात 19 लिटर वाचतात, पुण्याला साडेपाच. पेट्रोल 105 रुपये धरलं तर महिन्याला साधारण 2,600 रुपये. माझ्या वेळी साध्या ऑटोमॅटिकमध्ये आणि हायब्रिडमध्ये ऑन-रोड सव्वादोन लाखांचा फरक होता. तो तुम्हाला भरून निघायला सात वर्षांच्या वर लागतील. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याला मी घेऊ नका म्हणेन. तुम्ही अकरा वर्षं एकच गाडी वापरलीत, तुमची गोष्ट वेगळी.

पण पैशापलीकडचं एक आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सात रस्त्याला थांबलेलं असताना, बाहेर 43 अंश, इंजिन बंद आणि एसी चालू असतो. एसीचा काँप्रेसर विजेवर चालतो. उन्हात चार-पाच मिनिटांनी बॅटरी उतरते, मग इंजिन स्वतःहून चालू होतं, भरतं, परत बंद. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळ एकदा पाऊण तास अडकलो होतो. आईला गुडघ्याचं दुखणं, उतरून चालता येत नव्हतं. त्या पाऊण तासात गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने सरकत होती, क्लच नाही, घरघर नाही, आईला मागे झोप लागली. सासऱ्यांना घेऊन जाता म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मोहोळचा_पाहुणा

मी सीएनजीवाला. किलोमीटरला खर्च वाइंडिंगवाल्या भाऊंच्या गाडीइतकाच येतो आणि गाडी कितीतरी स्वस्त पडली. पण संध्याकाळी पंपावर रांग असते, आणि डिकीत सिलिंडर. व्हीलचेअर मागच्या सीटवर आडवी ठेवावी लागेल. तुमच्या घरी ते चालणार नाही असं वाटतं.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे आभार, विशेषतः वहीबद्दल. मी हिशेबाचंच काम करते, त्यामुळे तुमचे आकडे परत मांडून बघितले, बरोबर आहेत. दोन शंका राहिल्या. बॅटरी गेली तर? आणि तीन वर्षांत काय काय बिघडलं, ते मोकळेपणाने सांगाल का?

वाइंडिंगवाला

मोठ्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, यातलं जे आधी होईल ते. माझी अजून ठणठणीत आहे.

त्रास झाला तो लहान बॅटरीचा. गेल्या वर्षी 20-22 दिवस आम्ही गावाला होतो, गाडी उभी. आल्यावर बटण दाबलं तर काहीच नाही. मोठी बॅटरी भरलेली, पण गाडीचा कॉम्प्युटर जागा करायला साधी 12 व्होल्टचीच लागते, आणि ती उतरली होती. शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून चालू केली. तेव्हापासून गाडी उभी ठेवायची वेळ आली तर मुलाला सांगून जातो, आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेव.

दुसरी गोष्ट तुम्हाला जास्त लागू आहे. बॅटरीला गार ठेवायला केबिनमधलीच हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत ओढली जाते. मी दुकानातली पोती, चिंध्या मागे टाकायचो. सर्व्हिसला जाळी काढून दाखवली, तर तिच्यावर सुताच्या तंतूंची राखाडी गादी बसलेली, बोटाने सोलली तर टॉवेलच्या तुकड्यासारखी अख्खी निघाली! आपलं गाव सुताचं. तुमच्या साडीला, पिशवीला कारखान्यातले तंतू लागणारच. दर दोन-तीन महिन्यांनी जाळी ब्रशने साफ करा आणि तिच्यासमोर पिशवी कधी ठेवू नका. उन्हात बॅटरी तापू नये म्हणून एवढं करावंच लागतं.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी मोकळ्या होटगी रोडला देतील, ती घेऊ नका. संध्याकाळी सहाला मागा आणि सात रस्त्यावरून न्या, एसी चालू ठेवून.

जुळेसोलापूरकर

सहाचीच मागते. डिकीबद्दल मात्र धाकधूक आहे. बॅटरी मागे असते म्हणून ग्रँड विटाराची 373 लिटरची डिकी हायब्रिडमध्ये 265 ची होते असं वाचलं. खुर्ची घडी घातल्यावरही बरीच रुंद आहे. शोरूमला खुर्ची घेऊन गेले तर हसतील का हो?

वाइंडिंगवाला

कुणी हसत नाही. पण तिथे जाण्याआधी रविवारी दुकानावर या, चारनंतर मी मोकळाच असतो. खुर्ची आणि सासरे, दोघांनाही घेऊन या. डिकी रिकामी करून ठेवतो. आणि मागच्या सीटवर त्यांना बसता-उठता येतं का, तेही त्यांनाच बघू द्या.